अंगठ्यांचा अर्ज

ग्रंथालयाच्या दारातच ग्रंथपाल योगिनी त्याच्यावर आदळता आदळता राहिली. त्याच्या हातात पत्र्याचा भलामोठा डबा होता आणि डब्यावर हनुवटीने दाबून धरलेल्या फायली...

"मॅडम, दार धरता का जरा? आत्या हाय यात!"

"डब्यात?"

"आत्याचे कागद हो!" तो हसला, आणि योगिनी दार धरायचंच विसरली.

त्याची आत्या म्हणजे झुंबरबाई. पोलीस फुलवाल्या बायांना रस्त्यावरून हुसकवायचे, तेव्हा याच बाईने वर्षानुवर्षं अर्ज केले, मोर्चे काढले आणि त्यांना बसायला हक्काची जागा मिळवून दिली. गेल्या वर्षी त्या वारल्या. भाचा दिनेश मखमलाबादला गुलाब पिकवायचा. आत्याचे कागद ग्रंथालयात जपून ठेवायचे म्हणून महिनाभर तो रोज दुपारी यायचा. योगिनी कागद लावायची, तो त्यांतल्या माणसांच्या गोष्टी सांगायचा. बोलता बोलता मध्येच थांबून तिच्याकडे बघायचा...

मग पुण्याहून प्रतिभा आली. झुंबरबाईंवर प्रबंध लिहायला.

आता गोष्टी प्रतिभाला. चहा प्रतिभाला. "प्रतिभाताई, हे बघा की!" योगिनीचा नुसता जळफळाट व्हायचा. ताई म्हणतोय ना? मग एवढं वाकून काय दाखवायचं असतं?

त्या दुपारी दिनेश आणि प्रतिभा झुंबरबाईंचा पहिला अर्ज वाचायला बसणार होती. त्रेचाळीस बायांचे अंगठे असलेला. योगिनीने ती फाईल गुपचूप आपल्या खणात सरकवली.

"सापडत नाहीये," ती म्हणाली.

प्रतिभा जेवायला गेली. दिनेशने सगळा डबा उपसला आणि शेवटी फरशीवरच बसला.

"दवाखान्यात आत्या म्हणली होती, बाकी काय बी जाऊ दे, तेवढा अर्ज सांभाळ. मीच घालवला वाटतं..."

योगिनीला राहवेना. तिने खण उघडला आणि फाईल त्याच्यापुढे धरली.

"मी लपवली होती. तुम्ही दोघं शेजारी बसून वाचणार म्हणून..."

त्याने फाईल घेतली, अंगठ्यांवरून हात फिरवला. तेवढ्यात प्रतिभा आली.

"अरे, मिळाली? कुठे होती?"

"टेबलामागं पडलेली," दिनेश म्हणाला.

"नाही," योगिनी म्हणाली. "मी ठेवली होती. मुद्दाम. सॉरी."

प्रतिभाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मी... कॅमेरा आणते," म्हणत ती हसू दाबत बाहेर पळाली.

"लय चिडलो होतो मी," दिनेश हळूच म्हणाला.

"आणि आता?"

"आता... उद्या सकाळी गुलाबांची तोडणी हाय. याल का मळ्यावर?"

"प्रतिभाला विचारलंय?"

"नाय."

"विचारणार आहात?"

"नाय हो!"

"मग येते," योगिनी म्हणाली.