तिच्यासाठी चालताना

सिनेमातल्या पावलांचा आवाज बहुतेक वेळा त्या नट-नट्यांचा नसतो, हे सांगितलं की लोक विभावरीकडे संशयाने बघत. शूटिंगच्या वेळी माइक संवाद टिपण्यात गुंतलेला असतो. चालणं, कपड्यांची सळसळ, दाराची कडी हे सगळं मागाहून स्टुडिओत करून भरतात. ऑकलंडच्या अवोन्डेलमधल्या एका छोट्या स्टुडिओत विभावरी हेच काम करायची. समोर पडदा, पायाखाली वाळू, खडी, लाकूड आणि दगड यांचे चौकोन. पडद्यावरचं पाऊल पडलं की हिचं पडायचं. रविवारच्या बाजारातून ती लोकांनी टाकलेले जुने बूट हुडकून आणायची आणि तिचा नवरा प्रमोद कपाळाला हात लावायचा.

२०१७ च्या हिवाळ्यात स्टुडिओकडे एक चिनी सिनेमा आला. कादंबरीवरून केलेला, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा काळ. नदीकाठच्या गावातली एक शिक्षिका आणि छापखान्यात खिळे जुळवणारा एक तरुण. तो गाव कायमचं सोडतो आणि बोटीवर तिची वाट बघतो. ती घाट उतरते, शेवटच्या पायरीवर थबकते आणि मागे फिरते. उरलेला जन्म त्याच गावात, खिडकीतून बोटी बघत. विभावरीने कादंबरीचं इंग्रजी भाषांतर मिळवून वाचलं आणि तिला त्या बाईचा रागच आला.

राग यायला कारण घरात होतं. नाशिकला प्रमोदच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. नोकरी सोडून कायमचं परत जायचं त्याने नक्की केलं होतं.

"तिकिटं दोघांची काढलीत," तो म्हणाला. "नाही आलीस तर मी चिडणार नाही. पण मी इकडे परत येणार नाही, विभा."

तिचा जीव नवऱ्यात होता आणि कामातही. घराजवळच्या पापाकुरा स्टेशनवर ट्रेनमध्ये बसताना ती जायचं ठरवायची आणि अवोन्डेलला उतरेपर्यंत बेत रद्द करायची. याला भित्रेपणा म्हणतात, हे तिला कळत होतं.

एका दुपारी गल्लीतला प्रसंग चालला होता. विभावरी कापडी सपाता घालून दगडावर चालत होती, मन भलतीकडेच होतं, आणि एक पाऊल चक्क उशिरा पडलं.

"सॉरी, परत घेऊ."

"कशाला, ताई?" काचेपलीकडून चिराग म्हणाला. तो ठाण्याचा, रेकॉर्डिंग सांभाळायचा. "परफेक्ट सिंक आहे. स्वीट ॲज, इथले म्हणतात तसं!"

त्याने तुकडा पुन्हा लावला. पडद्यावरच्या त्या तरुण शिक्षिकेचं पाऊलही उशिरा पडत होतं. डबक्यापाशी ती जराशी अडखळत होती.

थकवा, असं म्हणून विभावरीने विषय सोडला. पण तो डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम करून पाहिलं. ती मुलगी गल्ली झपझप ओलांडते, तिथे विभावरी मध्येच थांबली.

मुलगी थांबली. मान खाली घालून उभी राहिली. पुढे जाऊ का, असं कुणाला विचारावं तशी.

विभावरीने उजवा पाय उचलला. मुलीनेही उजवा उचलला.

"चिराग, ही इथे थांबत होती?"

"थांबतेच ना! पहिल्यापासून." त्याने निरखून बघितलं. "बरं वाटत नाहीये का? हवं तर ब्रेक घेऊ."

घरी सांगणार तरी काय? प्रमोद सामान बांधत होता. तिची बॅग त्याने रिकामीच पलंगावर उघडून ठेवली होती.

घाटाचा प्रसंग शेवटी आला. विभावरीने दगडावर पाणी शिंपडलं. पडद्यावर धुकं, खाली बोट, आणि चौकटीत फक्त मुलीचे पाय. दोघी उतरू लागल्या. कोण कुणामागे चालतंय, हे आता सांगता आलं नसतं.

शेवटची पायरी आली.

मुलगी थांबली. तिच्या पायांची बोटं सपातांच्या आत आखडताना दिसत होती. विभावरीला एकदम भरून आलं. हिच्यावर आपण उगाच रागावलो. ही भ्यायली होती, दुसरं काही नाही.

"जा गं बाई," ती हलकेच म्हणाली आणि पाऊल पुढे टाकलं.

मुलगी गेली. विभावरी दगडावरून लाकडावर आली आणि पडद्यावर बोटीची फळी वाजली. चौकट वर सरकली आणि एक हात पुढे आला. मुलीने तो धरला.

चिराग डोळे पुसत होता. "काय शेवट आहे! दरवेळी रडू येतं."

"चिराग, ती मागे फिरते ना?"

"कोण? नाही हो, ताई."

घरी जाताना तिने ट्रेनमध्ये कादंबरी उघडली. शेवटच्या पानावर बोट घाट सोडत होती आणि दोघं कठड्याशी उभे होते. खिडकीचं प्रकरण पुस्तकात कुठेच नव्हतं. तिला भीती वाटायला हवी होती. तिला फार आनंद झाला. त्या संध्याकाळी तिने बॅग भरली. प्रमोद दारात उभा राहून बघत होता आणि लहान मुलासारखा हसत होता.

विमानतळावर प्रमोद पुढे होता. आतल्या दाराशी पोचून त्याने दोन्ही पासपोर्ट बाहेर काढले आणि वळून पाहिलं.

"विभा, चल ना."

आले, असं तिला म्हणायचं होतं. ती थांबली होती. थांबायचं तिच्या मनात नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. एकच पाऊल. खाली जाड गालिचा होता, तरी घाटाच्या ओल्या दगडावर वाजावं तसं स्वच्छ वाजलेलं.

तिचा पाय वळला.

दुसरं पाऊल वाजलं. तिचा दुसरा पाय वळला. आता तिची पाठ दाराकडे होती.

"विभा?" प्रमोदचा आवाज चिरकला. "अगं, कुठे निघालीस?"

तिला मान वळवता येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तेवढंच काय ते तिचं होतं. कुणीतरी कसलेल्या सरावाने, न चुकता, तिच्यासाठी चालत होतं.

पुढचं पाऊल वाजलं. तिचं अगदी वेळेवर पडलं.