हाजींचं मागणं

कॉफी संपली म्हणून मैसून बुधवारी दुपारी बाजारात उतरली. सल्त गावात बाजाराला जायचं म्हणजे उतरायचं आणि घरी यायचं म्हणजे चढायचं. मधल्या पायऱ्या एकशे चौदा. सेहेचाळिसाव्या वर्षी त्या गुडघेच मोजतात.

कॉफी भाजणारा अबू हन्ना तिला लहानपणापासून ओळखत होता. वेलदोडे टाकून दळता दळता तो म्हणाला, "शनिवारीच तर नेली होतीस बेटी. घरात कार्य निघालं की काय?"

"शुक्रवारी नायेफच्या मुलीला मागणी घालायला येणार आहेत."

"वा! मग उम्म नायेफ खुशीत असतील."

उम्म नायेफ, म्हणजे नायेफची आई, ही मैसूनचीही आई. इकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. तिचं स्वतःचं नाव फिद्दा, पण त्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. मैसून नुसती हसली. म्हणे खुशीत! चार वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी अल्झायमर सांगितला, तेव्हापासून सगळं गाव आईची चौकशी अशी करत होतं, जणू ती परगावी राहायला गेली आहे. त्या एकशे चौदा पायऱ्या चढून तिच्याशेजारी पाच मिनिटं बसायला मात्र कोणाला सवड नव्हती.

आणि कॉफी शुक्रवारच्या पाहुण्यांपायी संपलीच नव्हती. ती रोज दुपारी येणाऱ्या एका पाहुण्यापायी संपत होती, आणि त्या पाहुण्याला मैसूनने अजून पाहिलेलं नव्हतं.

ती वर पोचली तेव्हा हवा पिवळी झाली होती. दरवर्षी एप्रिलात वाळवंटाकडून असा धुळीचा वारा सुटतो. समोरच्या डोंगरावरची घरं दिसेनाशी होतात आणि दुपारीच दिवे लावावे लागतात. दारातच शेजारची उम्म जमील चपला पायात घालून उभी होती. मैसूनने अर्धा तास आईपाशी बसायला तिला बोलावलं होतं, ते घासाघीस केल्यासारखं तीनदा विनवून.

"मी पुन्हा बसायची नाही हं," ती कुजबुजली. "तुझी आई बोलते ते बोलते... पण मध्येच थांबते गं. समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखी. आणि मग मान हलवते."

"आजारात होतं तसं. अशा आजाऱ्यांना दिसतात माणसं."

"आजार कसला? एखाद्या दुवा फुंकणाऱ्या शेखला बोलाव, झाडून काढील तिला."

"झाडून काढायला ती काय सतरंजी आहे?" मैसून म्हणाली, आणि दार जरा जोरातच लावलं.

बैठकीच्या खोलीत आई, तिची यम्मा, आपल्या ठरलेल्या जागी, भिंतीशी गादीवर बसली होती. डोक्याला पांढरा रुमाल नीट बांधलेला. सकाळी स्वतःचं बटण लावता न आल्याने रडलेली बाई ती हीच, असं कोणी म्हटलं नसतं. पाहुण्यासमोर ती ताठ बसायची. समोरच्या तक्क्यापाशी बिनकानाचा चिमुकला कप होता. जाण्यापूर्वी मैसूनने डब्यातल्या शेवटच्या कॉफीने भरलेला, अजून काठोकाठ.

हे गेले तीन आठवडे चाललं होतं. दुपारच्या नमाजानंतर यम्मा कॉफी मागायची, दोन कप भरायला लावायची, स्वतःचा प्यायची आणि दुसरा तक्क्यासमोर ठेवायची. डॉक्टरीणबाईंनी मैसूनला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तिच्याशी वाद घालू नका. ती जिथे आहे तिथे तुम्ही जा. ती म्हणेल त्याला हो म्हणा." मैसूनने चार वर्षांत ते एवढं अंगी बाणवलं होतं, की मेलेल्या मावश्यांची खुशालीसुद्धा ती सहज सांगायची. तशी ती या पाहुण्यालाही सलाम करत होती. यम्मा त्यांना हाजी म्हणायची, म्हणून मैसूनही म्हणायची.

एकदाच ती चुकून त्या तक्क्याला टेकून बसली होती. यम्माने चटकन तिच्या हातावर चापट मारली. "ऊठ मेले! हाजींच्या मांडीवर बसतेस?" मैसून पोट धरधरून हसली होती. मग सावरायला म्हणून तिने तक्क्यावर हात टेकला, आणि तो ऊन लागला. तिथे नुकतंच कोणी उठून गेल्यासारखा. शिवाय वास यायचा... भिजलेल्या लोकरीचा. बाहेर महिनाभर पावसाचा थेंब नव्हता.

पण तिला झोप लागू दिली नाही ती त्या कपाने. हाजी कधी कॉफी पीत नसत. आणि या मुलखात कॉफी समोर ठेवून न पिणाऱ्याचा अर्थ एकच. तो काहीतरी मागायला आलाय. मागणी घालायला आलेल्या मंडळींतला वडीलधारा कप घेतो, न पिता खाली ठेवतो आणि मागणं सांगतो. घरच्यांना मान्य असेल तर म्हणायचं, 'कॉफी घ्या. ज्यासाठी आलात ते दिलं.' मगच तो पहिला घोट घेतो. या शब्दांवर मुली दिल्या जातात, खुनाची माफीसुद्धा दिली जाते, आणि एकदा दिलेलं परत घेता येत नाही. शेंबडी पोरंसुद्धा हे शब्द खेळात वापरत नाहीत. मैसून आईच्या सगळ्याला हो म्हणत आली होती, पण हे तिने कधी उच्चारलं नव्हतं.

परवा तिने धीर करून विचारलं होतं. "यम्मा, हाजी काय मागतात?"

"पोरगा मागतात."

"मुलगी मागतात यम्मा. मुलगा कोण मागतं?"

"तेच तर सांगतेय त्यांना," यम्मा आवाज खाली आणून म्हणाली. "नायेफला मागतात. म्हटलं, हाजी, तो लहान आहे, अजून माझ्या अंगावर पितो. उद्या या. ते म्हणतात, बरं... उद्या येतो."

नायेफ साठीला आला होता. अम्मानमध्ये टाइल्सचं दुकान, पोट सुटलेलं, आणि आईकडे यायचं तर महिन्यातून एकदा, गाडीचं इंजिन जवळजवळ चालू ठेवूनच. मैसूनने शाळेची नोकरी सोडली तेव्हा तो म्हणाला होता, तू एकटीच तर आहेस, तुला काय अडचण? आईचं दुःख सगळ्यांना व्हायचं, आईचे ओले कपडे बदलायला मात्र एकटी मैसून. तो आला की यम्मा त्याला ओळखत नसे, आणि त्याचाच त्याला राग. फोनवर नातेवाइकांना सांगायचा, "ती गेलीच आहे. आता नुसतं शरीर." गेली आहे! रोज ज्याच्यासाठी ती हाजींना रिकाम्या हाताने परत पाठवत होती, तो हे सांगत फिरत होता.

तोच नायेफ आज तासाभराने आला. एका हातात ड्रिल मशीन, दुसऱ्या हातात लोखंडी कडी.

"हे काय?" मैसूनने विचारलं.

"मागच्या खोलीच्या दाराला. बाहेरून." त्याने रुमालाने धूळ पुसली. "शुक्रवारी इथे, वडिलोपार्जित घरात, चाळीस माणसं येणार. घरातला मोठा म्हणून मी याच खोलीत त्यांच्यासमोर बसणार. तेव्हा ही इथे बसून हवेशी गप्पा मारत बसली तर?"

"बसू दे. सांगू, आजारी आहे. आजारी असण्यात लाज कसली?"

"लाज तुला नसेल. माझ्या मुलीचं लग्न आहे. म्हणतील रक्तातच वेड आहे."

"वेड? तिच्या मेंदूचा आजार आहे नायेफ! गुडघा दुखला असता तर कोंडलं असतंस? ज्या खोलीत तुला न्हाऊमाखू घातलं, त्या खोलीत तू तिला बाहेरून कडी घालणार? दार लागलं की ती हाताची कातडी जाईपर्यंत बडवते, माहीत आहे तुला? नाही माहीत. तू कधी बघितलंयस?"

"चार तासांचा प्रश्न आहे."

"तुला चार तास. तिला वेळ कळत नाही. तिला ते जन्मभर वाटेल!"

मैसूनचा आवाज चढला होता. यम्मा गादीवरून दोघांकडे पाहत होती. मग तिने नायेफला खुणेने जवळ बोलावलं आणि फार मायेने म्हणाली, "मिस्त्री, हळू. आत माझा नायेफ झोपलाय. आणि हे बसलेत ना... यांना कळता कामा नये तो कुठल्या खोलीत आहे."

"ऐकलंस?" नायेफ बहिणीकडे वळला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "जन्म दिलेल्या मुलाला मिस्त्री म्हणते! यम्मा, मी नायेफ आहे. इथे कोणी नाही. बघ, कोणी नाही!"

"वाद घालू नकोस तिच्याशी," मैसून म्हणाली. "किती वेळा सांगितलं? डॉक्टरीणबाईंनी..."

"हो म्हणा. हो, हो, पाठ झालंय मला. ती म्हणेल त्याला हो म्हणा." तो हसला. फार वाईट हसला तो. तक्क्यासमोर जाऊन त्याने कंबरेत वाकून छातीवर हात ठेवला, गावच्या वडीलधाऱ्याची नक्कल केल्यासारखा. "हाजी, रोज येता, दमला असाल. आमच्या आईने उगाच अडवून धरलंय तुम्हाला. घरचा मोठा मी आहे. कॉफी घ्या..."

"नायेफ, नको!"

"...ज्यासाठी आलात ते दिलं."

बाहेरचा वारा एकदम पडला. खोलीत लोकरीचा तो ओला वास एवढा दाटला की मैसूनला डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावावं लागलं. मग खाली काहीतरी बारीक वाजलं... फरशीवर रिकामा कप टेकवावा तसं.

यम्मा कष्टाने उठली. वाकून तिने कप उचलला, उपडा केला, हलवला. त्यातून थेंबही पडला नाही. मैसूनने तो दहा मिनिटांपूर्वी काठोकाठ भरलेला पाहिला होता.

"दिलंस?" यम्मा त्या मिस्त्रीला म्हणाली. "तू कोण देणारा? मी नव्हतं दिलं... इतके दिवस मी नव्हतं दिलं."

"तूच प्यायली असशील मघाशी," नायेफ म्हणाला. तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. "बघ, एवढंसं तर होतं. मिटलं की नाही?"

भिंतीला धरून यम्मा मागच्या खोलीत गेली आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. मैसून तिच्या पायांवर पांघरूण घालून बाहेर आली तेव्हा नायेफ दाराशी उभा होता. एका हातात ड्रिल, दुसऱ्यात कडी. कडीकडे बघत.

"मी कशासाठी आलो होतो गं?" त्याने विचारलं.

टोमणाच वाटला तिला तो. "आईला कोंडायला!" ती फणकारली. "विसरलास? बरं झालं, विसरच."

"हं," तो म्हणाला. ड्रिल आणि कडी त्याने खिडकीत ठेवली, आज्ञाधारक मुलासारखी, आणि खाली उतरून गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. कडी न लागल्याच्या समाधानात मैसूनने दार लावून घेतलं. आपण जिंकलो असं तिला वाटलं, हे तिला पुढे फार लागून राहिलं.

अर्ध्या तासाने फोन वाजला. धुळीत दिवा लावून ती आईचे कपडे घडी करत होती.

"मैसून," नायेफचा आवाज हळू होता, जरा लाजलेला. "मी चौकात उभा आहे. इथून घरी जायला कुठे वळायचं?"

"कुठल्या घरी?"

"तेच... तेच आठवत नाहीये गं. हसू नकोस. धुळीमुळे होत असेल. दुकानाची पाटी दिसतेय, वाचतोय मी, पण काय लिहिलंय ते..."

तिच्या हातातला कपडा खाली पडला. ही हळू, लाजलेली भाषा तिने चार वर्षांपूर्वी आईच्या तोंडून ऐकली होती. हे असं सुरू होतं. पण ते महिन्यांत होतं, वर्षांत होतं... अर्ध्या तासात नाही.

"नायेफ, ऐक. गाडी बंद कर. तिथेच थांब. मी येते."

"तू नको चढउतार करूस. गाडीत मागे एक हाजी बसलेत ना, ते सांगतायत. त्यांना रस्ता ठाऊक आहे म्हणे."

"त्यांना उतरव! नायेफ, आत्ताच्या आत्ता उतरव त्यांना!"

"कसं उतरवू?" तो गोंधळून म्हणाला. "ते म्हणतात, मला त्यांना दिलंय."

फोन बंद झाला. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. मागच्या खोलीतून पलंग कुरकुरला. यम्मा उठून दारात आली होती. तिचा चेहरा कितीतरी दिवसांत पहिल्यांदा निवांत होता. मोठं काम संपल्यावर माणूस दिसतो तसा.

"कोणाचा फोन गं?"

"यम्मा..." मैसूनने फोन छातीशी धरला. "आपल्या नायेफचा."

यम्मा थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिली, सौजन्याने, आठवायचा प्रयत्न करत.

"कोण नायेफ?" तिने विचारलं.