पाच फुटांची अट

शिलारवाडीच्या रोपवाटिकेत बहाव्याच्या रोपाची पिशवी बदलताना वनिताला मातीत पत्र्याची पट्टी सापडली. पुसून वाचली. नायक तुषार शिलार.

तुषार तिचा मुलगा. कालच त्याने सीमेवरून फोन करून लोणचं मागितलं होतं.

"चौगुलेसाहेब, हा जिवंत आहे!"

"माहीत आहे," रोपवाटिकेचे साहेब चहा फुंकत म्हणाले. "पट्टी जरा खोल पुरायला हवी होती."

हुतात्म्याच्या नावाने झाड लावायची गावची रीत जुनी. पण एकदा मंत्री आले तेव्हा रोप वीतभरच निघालं. फोटोत त्यांचा बूटच मोठा दिसला. तेव्हापासून रोप पाच फुटी हवं, अशी अट आली. पाच फूट काही एका दिवसात वाढत नाहीत, म्हणून मग भाकितयंत्र आलं. सीमेवरच्या हालचाली, हवामान, नेमणुका चाळून ते आगाऊ नावं काढतं. त्या बेताने रोपं वाढवतात.

"आणि हे खरं ठरतं?"

"गेल्या वर्षी अकरापैकी अकरा. आपल्या रोपवाटिकेला बक्षिसाची ढाल मिळाली."

"मग त्या पोरांना माघारी का बोलवत नाहीत?"

"मावशी, ते खातं वेगळं."

तुषारचं रोप चार फूट सात इंच होतं. वनिताने त्याच दिवशी शेंडा खुडला. साहेबांनी खत वाढवलं, पण दर सोमवारी मोजणीच्या आधी तिची कात्री चालत राहिली. तीन महिने रोप साडेचार फुटांवर अडून राहिलं. शेवटी यंत्राने शेरा दिला: रोप अपात्र, नाव रद्द.

दुपारी तुषारचा फोन आला. "आई, गंमतच झाली. तुकडी वर निघाली आणि ऐन वेळी माझंच नाव यादीतून वगळलं. का, कुणालाच ठाऊक नाही. माझ्या जागी आपल्या अश्विनीकाकूच्या मुलाला, संदेशला, पाठवलं."

वनिता धावत शेजारच्या वाफ्यात गेली. अश्विनी एका उंच रोपाला पाणी घालत होती.

"बघ गं, चार फूट अकरा इंच!" ती म्हणाली. "आमच्या हाताला गुणच आहे. तुझं मेलं खुरटंच राहिलं."

वनिताने पिशवीच्या मातीत बोटं घातली. पत्रा लागला. परवापर्यंत तो तिथे नव्हता.

"काय शोधतेस?"

"गांडुळं," वनिता म्हणाली.

कात्री तिच्या ओच्यात होती. हा शेंडा खुडला, तर यंत्र पुढे कुणाचं नाव काढेल? आणि ते पुन्हा तुषारचंच नसेल कशावरून?