परीक्षा कुणी दिली?

"ही परीक्षा तुम्ही स्वतः दिलीत का?"

मृदुलाने प्रश्न टाइप केला, पाठवला आणि ती वाट पाहू लागली. चॅटच्या चौकटीत तीन ठिपके उमटले, विरले... पुन्हा उमटले. बाहेर नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पचं नोव्हेंबरातलं करडं आभाळ अगदी छपरांवर टेकलं होतं. रस्त्यावरून एक बाई रेनकोटच्या टोपीत चेहरा लपवून, वाऱ्याशी भांडत सायकल मारत चालली होती.

मृदुला मूळची चिंचवडची. मास्ट्रिख्टला मास्टर्स करून ती इथल्या एका लहानशा कंपनीत लागली होती. जगभरच्या ऑनलाइन कोर्सेसचा सपोर्ट ही कंपनी बघायची. कोरोनामुळे ऑफिसला कुलूप लागलं आणि बेडरूमच्या कोपऱ्यातलं टेबल हेच तिचं ऑफिस झालं. तिच्या वाट्याला आला होता अमेरिकेतला एक अजब कोर्स. अंगावर पिस्तूल लपवून बाळगायचा परवाना तिथली काही राज्यं बाहेरच्या राज्यातल्या माणसालाही देत, आणि एका राज्याला तर त्यासाठी घरबसल्या घेतलेलं प्रशिक्षण पुरत होतं. व्हिडिओ बघायचे, शेवटी परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र डाउनलोड करायचं... झालं. मृदुलाने आयुष्यात पिस्तूल हातात धरलं नव्हतं. पण ते घरात कुठे ठेवावं, मुलांच्या हाती लागू नये म्हणून काय करावं, हे ती झोपेतही सांगू शकली असती.

आजची तक्रार हरीश नावाच्या माणसाची होती. पास झालो, तरी प्रमाणपत्र मिळत नाही. तिने पाहिलं तर सिस्टीमनेच ते अडवून ठेवलं होतं. हरीश राहायचा अमेरिकेत, आणि त्याचे व्हिडिओ बघितले गेले होते, परीक्षा दिली गेली होती ती वाखनिंगनमधून. म्हणजे तिच्यापासून ट्रेनने सहज जाता येईल अशा गावातून.

उत्तर शेवटी आलं. नाही, हरीश माझा मोठा भाऊ. परीक्षा मीच दिली.

इतकं सरळ उत्तर मृदुलाला अपेक्षित नव्हतं. लोक कारणं सांगत, चिडत, वरिष्ठांना बोलवा म्हणत. ती नियम लिहायला लागणार, तोच खाली आणखी एक ओळ आली, इंग्रजी अक्षरांत पण चक्क मराठीत.

"तुमचं नाव मृदुला दिसतंय म्हणून विचारतो... मराठी का?"

तिला हसू आलं. ते बाजूला ठेवून तिने आधी नियम सांगितला. ही परीक्षा रद्द होईल आणि हरीशला सगळा कोर्स पहिल्यापासून स्वतः करावा लागेल. मग एक ओळ मराठीत लिहिली – हो, मराठी.

"बरं झालं," त्याने लिहिलं. "मराठी आहात हेही, आणि रद्द झाली हेही. कालपासून अपराधी वाटत होतं."

दुसऱ्या दिवशी त्याचा हेल्पलाइनवर फोन आला. नाव यशोधन. वाखनिंगनच्या विद्यापीठात टोमॅटोच्या रोगांवर पीएचडी करत होता. आवाज खालच्या पट्टीतला, थोडा घाबरलेला. दादाला आता नक्की काय काय करावं लागेल, ते त्याला विचारायचं होतं. मृदुलाने ते सांगितलं आणि मग न राहवून विचारलं, की तुम्ही परीक्षा दिलीतच का.

त्याने सगळं सांगितलं. वडील तो लहान असतानाच गेले. हरीशदादानेच त्याला सायकल शिकवली, बारावीला शेजारी बसून अभ्यास करून घेतला. दादाला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. हरीश हॉस्पिटलांतले व्हेंटिलेटर दुरुस्त करायचा. त्या वर्षी त्याला दिवस-रात्र कळत नव्हती. शेजारच्या राज्यातूनही बोलावणी येत. एकदा एका पार्किंगमध्ये दोघांनी त्याला गाठलं, त्याच्या चेहऱ्याकडे बघून, हा रोग तुम्हीच आणलात म्हणाले, गाडीच्या दारावर लाथा घातल्या. तेव्हापासून तो कामावर गेला की शर्मिलावहिनी जागी असायची. मग हरीशने परवान्याचं मनावर घेतलं. व्हिडिओ बघायला वेळ नव्हता, म्हणून त्याने धाकट्याला सांगितलं, तू परीक्षांत हुशार, देऊन टाक.

मृदुलासाठी आजवर हे सगळे नुसते ग्राहक क्रमांक होते.

नंतरही तो फोन करत राहिला. आधी कोर्सबद्दल काही ना काही विचारायचं असे. मग विचारण्यासारखं संपलं, तरी फोन संपले नाहीत. हेल्पलाइनवर हे शोभत नाही असं म्हणून तिने एक दिवस आपला नंबर दिला, आणि दिल्यावर स्वतःच कानापर्यंत लाल झाली. काम संपलं की ती कानात इअरफोन घालून कालव्याकाठी चालायला निघे. त्याच वेळी तो काचघरांमधून फेरी मारत असे. तिला त्याच्याकडच्या पंख्यांची घरघर ऐकू येई, त्याला तिच्याकडचा वारा.

"तुमच्या कोर्समध्ये एक उणीव आहे," एकदा तो म्हणाला.

"कुठली?"

"माणूस काय काय लपवून बाळगू शकतो, ते नीट सांगितलेलं नाही."

तिच्या लक्षात आलं. तिने आवाज मुद्दाम ऑफिसातला केला. "तुमच्याकडे परवाना आहे का?"

"अजून अर्ज केला नाही... ट्रेनिंग चालू आहे."

ती हसू दाबत चालत राहिली. भेटूया का, असं त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली की गरज असेल तरच प्रवास करा, असं सरकार सांगतंय. गरज कुणी ठरवायची, असं त्याचं म्हणणं. त्यावर तिने विषय बदलला. पण त्या संध्याकाळी तिने घरी येऊन आरशात उगाच केस दोनदा सोडले, दोनदा बांधले.

डिसेंबरच्या शेवटी मात्र गाडी रुळावरून घसरली. त्या राज्याचा नियम नव्या वर्षापासून बदलणार होता. नुसत्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर परवाना मिळणार नव्हता. हरीशचा कोर्स अर्ध्यातच होता, आणि तो रोज धाकट्याला फोन करत होता. यशोधनचा आवाज त्या दिवशी सुरुवातीपासूनच ओढलेला होता.

"ती जुनी परीक्षा," तो अडखळत म्हणाला, "तुम्हाला... ती पुन्हा ग्राह्य धरता येईल का? दादा फार मागे लागलाय."

मृदुला चालता चालता थांबली. कालव्यातलं एक बदक पाणी कापत तिच्यासमोरून गेलं.

"यासाठी बोलत होतास तू माझ्याशी?"

"नाही – मृदुला, तसं नाही..."

तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरला सांगितलं, की या ग्राहकाच्या घरच्यांशी माझी ओळख झाली आहे, त्याचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या. यशोधनचा मेसेज आला होता. चुकलो, विचारायला नको होतं. तिने तो कितीदा तरी वाचला आणि उत्तर दिलं नाही. जानेवारी तसाच गेला. लॉकडाऊन होता, वर संचारबंदी आली. ती चालायला जायची, पण इअरफोन घरी ठेवून.

मग एका दुपारी हेल्पलाइनवर एक दमलेला आवाज आला आणि थेट मराठीत म्हणाला, "मृदुला का? मी हरीश. यशोधनचा भाऊ."

तक्रार नव्हती. त्याला फक्त बोलायचं होतं. तो म्हणाला, की तिने फोन ठेवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी यशोधनने आपल्याला फोन करून सांगितलं – आता मी तिला काही विचारणार नाही आणि तुझी परीक्षाही देणार नाही. जन्मात पहिल्यांदा तो दादाशी भांडला. हरीश आधी संतापला. मग रागारागातच प्रत्यक्ष शिकवणाऱ्या एका वर्गाला गेला. तिथे खरं पिस्तूल हातात आलं, आणि ते घरी नेऊन ठेवायचं कुठे, या विचारात त्याला आपली पाच वर्षांची आर्या दिसायला लागली. त्याने पिस्तूल परत टेबलावर ठेवलं. शिकवणारा म्हणाला, घाई नको, पुन्हा या. तो अजून तरी पुन्हा गेला नव्हता. बाहेरच्या राज्यातल्या कामांना मात्र तो आता एकटा जात नव्हता. बरोबर काम करणारा राजन सोबत येत होता, त्यामुळे शर्मिलाला झोप लागू लागली होती. पिस्तुलाचं पुढचं पुढे बघू, असं त्याने ठरवलं होतं.

"तो हे तुम्हाला स्वतःहून सांगणार नाही," हरीश शेवटी म्हणाला. "पूर्वी प्रत्येक फोनला तुमचं नाव असायचं. आता टोमॅटोबद्दलसुद्धा बोलत नाही."

फेब्रुवारीत बर्फाचं वादळ आलं. एक अख्खा दिवस ट्रेन बंद राहिल्या, आणि मग अशी थंडी पडली की गावोगावचे कालवे गोठले. सगळा देश स्केट्स शोधत बाहेर पडला. मृदुलाने खिडकीतून ती गर्दी पाहिली, फोन उचलला, ठेवला... पुन्हा उचलला.

आमच्याकडचा कालवा गोठलाय, तिने लिहिलं.

उत्तर लगेच आलं. मला स्केटिंग येत नाही.

मलाही येत नाही, तिने कळवलं. शेजारच्या आजींनी स्वयंपाकघरातली खुर्ची दिली आहे. ती धरून शिकायचं असतं.

तो आला तेव्हा ती खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून बर्फावर इंच इंच सरकत होती. ऊन लख्ख होतं. लहान मुलं तिच्या दोन्ही बाजूंनी सुसाट जात होती. पुलाजवळ एक उंच, बारीक मुलगा उभा होता, मास्क हनुवटीखाली ओढलेला, नाक थंडीने लाल. कधीमधी केलेल्या व्हिडिओ कॉलवर तो इतका उंच वाटला नव्हता. तो साध्या बुटांनीच बर्फावर उतरला आणि तिच्यापासून दीड मीटर अंतर ठेवून थांबला.

"त्या दिवशी विचारलं ते चुकलंच," तो म्हणाला. "दादाला कधी नाही म्हणालो नव्हतो. पण त्यासाठी बोलत नव्हतो तुझ्याशी."

"माहीत आहे. माझ्या पहिल्याच प्रश्नाला खरं उत्तर दिलं होतंस," मृदुला म्हणाली. "म्हणूनच राग जास्त आला."

"रागावलीस तेव्हा तू मला पहिल्यांदा 'तू' म्हणालीस."

"रागात निघून गेलं."

"तरी आवडलं होतं... नंतर महिनाभर वाईट वाटत राहिलं, पण आवडलं होतं." त्याने हातमोजे उगाच ओढून घट्ट केले. "मृदुला, मला तू आवडतेस. खूप. इतके दिवस हे फोनवर सांगता येत नव्हतं, आणि आता समोर..."

बोलता बोलता तो एक पाऊल पुढे आला आणि त्याचा बूट सटकला. तिने एका हाताने खुर्ची आणि दुसऱ्याने त्याची बाही पकडली. तिघंही गर्रकन फिरले – ती, तो आणि खुर्ची – आणि काठाच्या गोठलेल्या गवताला टेकून थांबले. दीड मीटर कुठे गेलं ते कुणालाच कळलं नाही. त्याचा श्वास पांढरा धूर होऊन तिच्या गालाला लागत होता. तिने बाही सोडली नाही.

"मलाही," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"आवडतोस. परत म्हणणार नाही, थंडी वाजतेय."

तो हसला. सूर्य कलायला लागला होता. संचारबंदीच्या आधी त्याला परतीची ट्रेन गाठायची होती, पण अजून पुष्कळ वेळ होता. तिने खुर्ची उचलली, त्याने ती तिच्या हातातून घेतली, आणि दोघं काठ चढून वर आले. तिच्या दारापाशी पोचल्यावर तो घुटमळला. चहा प्यायला आत यावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

"सध्या नियमाने घरी दिवसाला एकच पाहुणा चालतो," मृदुला किल्ली फिरवत म्हणाली.

"मग... आज कुणी येणार होतं का?"

"हो," तिने दार उघडलं. "ये."