हिरव्या सुताची मुलगी

गिरणीच्या पाळणाघरात गिरिजाबाईंची एक रीत होती. मूल सोडायला आलेली बाई रंगीत सूत आणायची, प्रत्येकीचा रंग वेगळा. अर्धं मुलाच्या मनगटाला, अर्धं आईच्या पदराला. पाळी सुटली की आधी सूत जुळवायचं, मग मूल हवाली. तोंडावर कुणी जायचं नाही; रुईच्या धुरळ्यात सगळीच पोरं पांढरी.

चौऱ्याहत्तरचा उन्हाळा होता. पाळणाघर म्हणजे सोलापुरातलं एक जुनं रुईचं गोदाम. आत एक घसरगुंडी, तुळईला टांगलेले दोन झोके आणि कोपऱ्यात जमिनीखालच्या धूळखोलीच्या तोंडावर टाकलेली कुजकी फळी. खाली पुरुषभर रुईचा गाळ. दोन वर्षांपूर्वी बदलीवर आलेल्या एका कामगार बाईची मुलगी त्यात गुदमरून गेली. कागदावर मात्र ती तापाने गेली. कागदावर कुणी गुदमरत नाही. गिरिजाबाई तेव्हापासून लोखंडी झाकण मागत होत्या.

त्या दिवशी सरकारी तपासणी होती. सुपरवायझर महादेवप्पाने फळी झाकायला नवी सतरंजी अंथरली.

"अवो, सतरंजी बघून पोरं तितंच नाचतील!"

"साहेब अर्धा तास हाईत, बाई. तेवढं तोंड मिटा की."

साहेबांनी एका झोक्याला हात लावला, 'मुलांची सोय उत्तम' असा शेरा मारला आणि चहाला गेले.

सव्वातीनला वीज गेली. शेकडो माग एकदम थांबले. त्या आवाजात जन्म गेलेल्या गिरिजाबाईंना शांतता कानात टोचू लागली. उंच खिडक्या धुळीने आंधळ्या झालेल्या, आत काळोखच. कोपऱ्यात फळी कडकडली. मग काहीतरी पडलं... मऊ.

गिरिजाबाई धावल्या. पोटावर पडून त्यांनी हात खाली घातला. रुईला कुबट वास होता, आणि ती कोमट लागत होती.

"कोन हाय गं? हात दे..."

एक इवलासा हात चटकन हातात आला. जणू वाटच बघत होता.

वर ओढली ती मुलगी नखशिखांत पांढरी. रडली नाही, खोकलीही नाही. मनगटाला हिरवं सूत. म्हणजे सिद्धम्माची निंगव्वा! गिरिजाबाईंचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात पाळी सुटल्याचा वाफेचा भोंगा झाला. सिद्धम्मा आली, हिरव्याला हिरवं जुळलं.

"अगं बया, काय ह्यो अवतार!" तिने पोर कडेवर घेतली. "लई जड झालीस की गं..."

हळूहळू सगळ्या बाया गेल्या. गिरिजाबाई फळीचे तुकडे बाजूला करत होत्या. खालून खोकल्याची उबळ आली.

"मावशी... मला काढा की..."

त्यांनी ओढून काढली. पदराने तोंड पुसलं. निंगव्वाच. धापा टाकणारी, हुंदके देणारी. मनगट मोकळं.

"सूत कुटं गं तुजं?"

"तिनं घेतलं... तिला घरी जायचं हुतं."

पोरीला छातीशी धरून गिरिजाबाई सिद्धम्माच्या चाळीकडे पळत सुटल्या. सिद्धम्मा उंबऱ्यातच बसली होती. मांडीत ती पांढरी मुलगी. सिद्धम्मा तिचे केस विंचरत होती आणि फणीच्या प्रत्येक ओढीला रुई निघत होती. निघतच होती. ढीग सिद्धम्माच्या कमरेपर्यंत आला होता.

"अव्वा!" निंगव्वाने आईकडे बघून हंबरडा फोडला.

सिद्धम्माने वर पाहिलं. फणी थांबली नाही.

"मावशी, ही कुणाची पोर उचलून आणलीत?"