बाईंची पाठवणी

"अहो, नुसते बघत काय उभे राहिलात? पाय धरा!"

"कुणाचे?" दारातल्या माणसाने विचारलं.

"बाईंचे!"

संग्रहालयातल्या जुन्या वस्तू दुरुस्त करायचं तिचं काम, म्हणून सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत. मदतीला ठेवलेला हमाल ऐन वेळी गायब, आणि ती या बाईंना, म्हणजे लाकडी मूर्तीला, मिठी मारून उभी. त्या माणसाने बॅग टाकली, मूर्तीचे पाय अलगद उचलले. बाई टेबलावर टेकल्या तेव्हा कुठे कळलं, की ज्या दूरच्या गावातून ही मूर्ती चोरीला गेली होती, तिथल्या पुरातत्त्व खात्याचा हा अधिकारी. सरकारी हुकमाने मूर्ती परत न्यायला आलेला! डॉक्टरीणबाईंचे कान लालबुंद झाले.

"माणसं ओळखण्यात चूक झाली वाटतं," तो हसला.

"लाकूड ओळखते, तेवढं पुरे."

प्रवासाची पेटी नवी होती. तिचं लाकूड दमट असेल तर आतल्या मूर्तीला तडे जातात. म्हणून पेटी वाळली असं डॉक्टरीणबाईंनी म्हटल्याशिवाय सील लावायचं नाही, असा नियम. दुसऱ्या सकाळी पेटी वाळली होती. तिच्या तोंडातून मात्र निघालं, "अजून नाही."

झालं! मग रोज तेच.

"काय म्हणतेय पेटी?"

"दमट आहे."

"आणि तुम्ही?"

"मी... कामात आहे!"

घरीही तिच्या जिवाला चैन म्हणून नव्हती. "अगं, भाजीत तिसऱ्यांदा मीठ घालतेयस, लक्ष कुठंय तुझं?" आईने हातातला डबाच काढून घेतला.

आणि मग मूर्ती हलवायच्या परवानगीचा शेवटचा दिवस उजाडला. "आज गेली नाही, तर नव्या परवानगीत वर्ष जाईल," संग्रहालयाचे साहेब बजावून गेले.

तो मूर्तीकडे बघत होता. "गावात तिचा चौथरा माझी आई रोज पुसते," तो हळूच म्हणाला. "रिकामाच."



"पेटी केव्हाच वाळलीय," ती भडाभडा बोलली. "मी खोटं बोलले."

"माहीत आहे." त्याने खिशातून ओलावा मोजायचं यंत्र काढलं. "पहिल्याच सकाळी मोजलं होतं."

"मग गप्प का बसलात? तिकडे आई रिकामा चौथरा पुसतेय, आणि तुम्ही इथे—"

"आणि तुम्ही?"

दोघांनाही लाज वाटली, आणि हसूही आवरेना. मग मात्र कुणी वेळ काढला नाही. बाईंना मऊ कापडात निजवलं, झाकण बसवलं, सील ठोकलं. खाली गाडीचा हॉर्न वाजायला लागला. तिला रडू येत होतं, आणि ते तिने लपवलं नाही.

तो दारापर्यंत गेला. थांबला. "बाईंना न्यायला कायदा लागला, खातं लागलं, मंत्र्यांची सही लागली... तुम्हाला न्यायचं तर काय लागेल?"

"विचारावं लागेल," ती म्हणाली.

त्याने विचारलं.

"आधी बाईंना घरी पोचवा," तिने डोळे पुसले. "मी येते मागोमाग."