पहिला बरा, की दुसरा?

ही गोष्ट खरी आहे.

खोटी असती तर याहून चांगली रचता आली असती. निदान केस मोकळे सोडलेली एखादी बाई तरी घालता आली असती.

हिच्यात तशी बाई नाही. स्मशान नाही. अमावास्या तर मुळीच नाही. जे घडलं ते डोंगरातल्या घाटात, भर दुपारी, लख्ख उन्हात घडलं. भुतांना रात्रच लागते असं ज्याने पसरवलं, त्याला बहुधा दुपारी झोपायची सवय असावी.

ज्याच्यावर हे बेतलं तो चष्मेवाला आहे. आजही रोज दुकान उघडतो, नंबर तपासतो, काचा पुसतो. फक्त रस्त्यात कोणी हेल्मेट घालून स्वतःशीच हसताना दिसला, की पलीकडच्या बाजूने जातो.

मित्र त्याला भिंग्या म्हणत. म्हणजे एकच मित्र म्हणत असे. दुसरा नव्हताच.

हा एकुलता एक मित्र दातांचा डॉक्टर, म्हणून दात्या. दोघांची दोस्ती शाळेच्या बाकापासूनची. पुढे दुकान आणि दवाखानाही एकाच जिन्याच्या दोन बाजूंना थाटले. दात्या बोलका. त्याच्या धंद्यात समोरच्याच्या तोंडात कापूस असतो, त्यामुळे उत्तराची वाट न बघता बोलायची त्याला सवय. भिंग्या "हं" म्हणे. इतक्या वर्षांच्या दोस्तीत भिंग्याची गुंतवणूक ती एवढीच.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग दात्याची पाठ धरली, आणि ती बरी करणाऱ्याशी त्याची मैत्री झाली.

तो फिजिओथेरपिस्ट. उंचापुरा, हसरा, पोट सपाट. भिंग्या त्याला "मालीशवाला" म्हणे. दात्या आणि मालीशवाला रविवारी मोटरसायकली काढून भटकायला जात आणि फोटो टाकत. भिंग्या ते फोटो दोन बोटांनी मोठे करकरून बघे.

"आपल्या लग्नाचा अल्बम कधी इतका निरखून बघितला नाहीत," बायको म्हणाली.

"दात्याचा हात कुणाच्या खांद्यावर आहे, ते बघतोय."

"आणि अल्बमात तुमचा कुठे होता, आठवतंय?"

तर असं हे पोटात दुखणं. त्यावर औषध म्हणून भिंग्याने आपली जुनी गाडी दुरुस्त करून घेतली आणि दात्याला म्हणाला, "डोंगररांग पार करू. तंबू, स्टोव्ह, दोन गाड्या. आपण दोघं."

"वा! मालीशवाल्यालाही विचारू या?"

"नको. तिसरा नको."

हे वाक्य पुढे भिंग्याला फार आठवलं.

निघण्याआधी दोघं गॅरेजवाल्याकडे गेले. त्याच्याकडे हेल्मेटात बसवायच्या इंटरकॉमची एक वापरलेली जोडी होती. कानाशी स्पीकर, तोंडाशी माइक. गाडी चालवता चालवता एकमेकांशी गप्पा मारता येतात.

"चांगली दिसतेय की. आधीच्या मालकाने का विकली?" भिंग्याने विचारलं.

"काय माहीत," गॅरेजवाला स्क्रू पिळत म्हणाला. "दोन दोस्तांची होती. विकणारा म्हणाला, मी उगाच मध्ये येतोय असं वाटतं."

दोघं खूप हसले. दात्या जरा जास्तच.

"तुझ्या खटाऱ्याला चार्जिंगची सोय नाही," तो म्हणाला. "पॉवर बँक आण. विसरशील."

"मी? एवढा वेंधळा वाटलो का?"

"तसं नाही रे. मालीशवाला विसरत नाही, म्हणून म्हटलं."

पॉवर बँक दुकानाच्या काउंटरवर राहिली. अर्थात.

पहिला दिवस झकास गेला. दात्या पुढे, भिंग्या मागे. दात्या कानात बोलत राहिला, भिंग्या "हं" म्हणत राहिला. संध्याकाळी नदीकाठी तंबू लावला. सकाळी बघतो तर भिंग्याच्या इंटरकॉमचा निळा दिवा विझलेला. बटण दाबलं. काही नाही.

दात्याच्या गाडीवर लावून घेता आला असता. पण मग विचारावं लागलं असतं. आणि विचारलं असतं, तर मालीशवाल्याचं नाव निघालं असतं.

भिंग्या गप्प बसला. आपण बोललो नाही तर याला कुठे कळतंय, असा त्याचा हिशोब.

घाट सुरू झाला. वळणामागून वळण. कानात नुसता वारा. पुढे दात्याची पाठ...

ती हलत होती.

दात्या हसत होता. खांदे गदागदा हलवून. हात सोडून मांडीवर थापा मारत. मध्येच मान डोलावत होता. मग गप्प राहून काहीतरी ऐकत होता.

दात्या... ऐकत होता.

शाळेपासून आजवर भिंग्याने त्याला ऐकताना पाहिलं नव्हतं.

मालीशवाल्याचा फोन! भिंग्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इथपर्यंत आला मेला. त्याने गाडी कडेला घेऊन आपला फोन बघितला. रेंज नव्हती. गेल्या दोन डोंगरांपासून नव्हती.

चहाच्या टपरीवर दात्याने हेल्मेट काढलं. डोळे पुसले.

"ती बाई काय म्हणाली म्हणालास? 'यांना जवळचं दिसू दे, पण मी दिसेन इतका नंबर नको'? अरे मी दरीत गेलो असतो! इतके दिवस का नाही सांगितलास हा किस्सा?"

भिंग्याचा कप ओठांपाशी थांबला.

ती बाई दुकानात आली होती. नवऱ्याला घेऊन. अगदी हेच म्हणाली होती. तेव्हा दुकानात चौथं माणूस नव्हतं. भिंग्याला त्यात काही विनोद आहे असंही वाटलं नव्हतं, म्हणून त्याने तो कोणालाच सांगितला नव्हता.

"कोणी सांगितला तुला?"

"तूच की! आत्ता! बाबा रे, हेल्मेटात तू काय खुलतोस!"

इथे खरं सांगायला हवं होतं. शहाण्या माणसाने सांगितलं असतं. पण दात्याने त्याच्या खांद्यावर हात टाकला होता. फोटोत असतो, तस्सा.

"सुचतं कधी कधी," भिंग्या म्हणाला.

संध्याकाळी पठारावर मुक्काम केला. स्टोव्हवर भात रटरटत होता. भिंग्याने आणखी एक किस्सा सांगून बघितला. दात्या तोंडदेखलं हसला, दातांच्या डॉक्टरला शोभेल असं, पुढचे चार दात दाखवून.

"ते दुपारसारखं नाही जमलं," तो म्हणाला. मग जरा लाजत म्हणाला, "हेल्मेट घालतोस का?"

"इथे? भात खाताना?"

"भात होईपर्यंत. घाल ना."

दोन प्रौढ माणसं, पठारावर, स्टोव्हच्या दोन बाजूंना, हेल्मेट घालून बसली. कोणी पाहिलं असतं तर आधी हसलं असतं. मग थोडं थांबून पळालं असतं.

कारण भिंग्या काहीच बोलत नव्हता. त्याच्या कानात काहीच वाजत नव्हतं.

आणि समोर दात्या काचेआडून बोलत होता, पण शब्द हेल्मेटाबाहेर येत नव्हते. हळू. थांबत थांबत. भिंग्याकडे बघत. दोनदा त्याने मान खाली घातली. एकदा ऐकत ऐकत "हं" म्हणाला; तेवढंच ऐकू आलं.

"हं"... भिंग्याचा "हं".

दात्याने हेल्मेट काढलं तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

"हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "तुला सांगितलं. आणि तू जे म्हणालास ना... आता मला झोप लागेल."

त्याला लगेच लागलीही.

काय सांगितलं? भिंग्या तंबूच्या कापडाकडे बघत पडून राहिला. विचारायची सोय नव्हती. दात्याच्या लेखी ते ऐकणारा भिंग्याच होता ना! भिंग्याला भीती वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण भीतीपेक्षा वर दुसरंच काही जळत होतं. इतकी वर्षं "हं" म्हणून आपण थांबलो ते दात्याने कधीतरी मनातलं सांगावं, या एका गोष्टीसाठी. ती कोणीतरी भात शिजेपर्यंत घेऊन गेलं होतं. आपल्याच आवाजात.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेट्रोल पंपावर दात्या बाकावर आडवा झाला. भिंग्याने पंपावरच्या माणसाला वायर मागितली आणि आपला इंटरकॉम भिंतीला लावला. चोर पकडायचाच होता.

निळा दिवा लागला.

गाड्या निघाल्या. पहिल्या वळणापर्यंत काही नाही. दुसऱ्याला कानात खरखर झाली... आणि मग आवाज आला.

भिंग्याचा आवाज.

आपला आवाज बाहेरून ऐकला की कोणालाच आवडत नाही. पण हा छान होता. मोकळा, मिश्कील, कुठेही न अडखळणारा. दात्या खदखदून हसत होता.

"दात्या!" भिंग्या ओरडला. "दात्या, तो मी नाही! मी इथे मागे आहे!"

कानात एकदम शांतता झाली.

मग भिंग्याचा आवाज म्हणाला, "मागे कोणी बोललं का रे?"

"वारा असेल," दात्या म्हणाला.

तो पुन्हा ओरडला. घसा फाटेपर्यंत. कोणी वाऱ्याची दखल घेतली नाही.

"पुढच्या वळणावर खडी आहे," आवाज म्हणाला. "सांभाळून हं."

हे शेवटचे शब्द मऊ होते. ते दात्यासाठी होते की आपल्यासाठी, हे भिंग्याला आजही ठरवता येत नाही. तेव्हा मात्र त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. हा कोण सांगणार? त्याने मुद्दाम वेग कमी केला नाही.

खडी होती.

गाडी घसरली. भिंग्या आधी, गाडी नंतर. गुडघा सोलला, आरसा फुटला. पडल्या पडल्या त्याने बघितलं. दात्या वळणाआड चालला होता. मागे वळून न बघता. कशाला बघेल? त्याचा मित्र त्याच्याशी बोलत होता.

खालच्या गावात टपरीवर दात्या बसला होता. टेबलावर दोन कप. दोन्ही रिकामे. दुसऱ्या कपाच्या तळाशी न विरघळलेली साखर. भिंग्या नेहमी ढवळायला विसरतो, तशी.

"आणखी एक घेतोस?" दात्या म्हणाला. मग त्याची नजर गुडघ्याकडे गेली. "अरे! हे कधी झालं? आत्ता तर बरा होतास."

भिंग्याने सगळं सांगितलं. पॉवर बँकेसकट. सकाळपासूनचं नाही, कालपासूनचं.

दात्या शांतपणे ऐकत राहिला. मग हसला. "हेच ते! हेल्मेट काढलं की तुझा विनोद पार बसतो बघ."

दोघं घरी परतले. भिंग्याने आपला इंटरकॉम काढून चष्म्याच्या रिकाम्या डब्यात घातला आणि डबा माळ्यावर टाकला. गाडी विकली. दात्याने आपलं हेल्मेट द्यायला साफ नकार दिला. मालीशवाल्याशी त्याचं येणंजाणं थांबलं. मालीशवाला एकदा स्वतः दुकानात येऊन विचारून गेला, "माझं काही चुकलं का हो?" भिंग्याला त्याची दया आली. त्याने त्याला चहा पाजला.

मग एक दिवस दात्याची बायको चष्मा घ्यायला आली.

"भावजी, रविवारी खालूनच हॉर्न काय वाजवता? वर येत चला ना चहाला."

"मी?"

"मग कोण? हे धावत खाली जातात, चप्पल घालायचीही शुद्ध नसते. पण एक सांगू? फार आनंदात असतात हो. तुमचेच उपकार."

रविवारी भिंग्या दुकानात असतो. दिवसभर. त्याची बायको साक्षीला आहे.

परवा दात्या स्वतः आला. जवळचं धूसर दिसतं म्हणाला. हेल्मेट मांडीवर घेऊन खुर्चीत बसला. भिंग्याने त्याच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली. किती दिवसांनी मित्र इतका जवळ आला होता. आता विचारावं, असं त्याला वाटलं. त्या पठारावर काय सांगितलंस? मला सांग ना. खऱ्या मला.

पण तोंडातून धंद्याचंच वाक्य निघालं. त्याने एक काच घातली, काढली, दुसरी घातली.

"कुठला नंबर बरा? पहिला बरा, की दुसरा?"

दात्या समोरच्या अक्षरांकडे बघत राहिला.

"पुन्हा दाखव."

"हा पहिला... हा दुसरा."

"थांब हं," दात्या म्हणाला. त्याने मांडीवरचं हेल्मेट उचललं आणि कानाशी धरलं.

आत निळा दिवा लागलेला होता.

दात्याने ऐकलं. गालात हसला. मग फ्रेमच्या काचांमधून भिंग्याकडे बघितलं, खूप मायेने, जसं दात काढायच्या आधी पेशंटकडे बघतात तसं.

"राग मानू नकोस," तो म्हणाला. "दुसरा."

भिंग्याने दुसरा नंबर लिहून घेतला. काय करणार... गिऱ्हाइकाला जो बरा दिसतो, तोच द्यावा लागतो.